गाडीला विचारायचं

अण्णांनी खारीचा डबा माझ्या बाकड्यावर उपडा केला. पान्यांवर, कानशींवर, ग्रीसच्या डब्यावर, सगळीकडे चुरा पसरला.

"ही काय खारी हाय?" त्यांनी मला विचारलं. जणू काही मीच ती भाजली होती.

"चुरा हाय."

"तीन दुकानदारांनी परत दिली. वरच्या वाडीचा म्हादू म्हणतोय, अण्णा, खारी आणताय का रवा?" त्यांनी बोट माझ्या छातीवर टेकवलं. "गाडी थरथरतीया, निवास. पुढचं सगळं काढ. एक बी जुनं ठेवू नगंस."

ही गोष्ट बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची. आजऱ्यात एसटी स्टँडच्या मागं माझं गॅरेज होतं, अजूनही आहे. माझे वडील भैरू नांदवडेकर, सगळ्या तालुक्याचे अण्णा, स्वतःच्या पिकअपमधून बेकरीचा माल पोचवायचे. पहाटे पाव, बटर, टोस्ट, खारी भरून आंबोलीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर जायचे आणि उतरताना हायस्कूलच्या पोरींना घेऊन यायचे, कारण त्या वाड्यांवर सकाळची एसटी नव्हती. दोन-तीन पोरी पुढं अण्णांच्या शेजारी, बाकीच्या मागं रिकाम्या क्रेटांच्या मध्ये. एवढ्या वर्षांत एकही पोर शाळेत उशिरा पोचली नाही, हे ते कुणी न विचारताही सांगायचे.

पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे त्यांच्या मते मी तो अजूनही चुकीचाच धरत होतो. तरी गाडी मात्र माझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मी जॅक लावून गाडीचं तोंड उचललं, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या सरकवल्या आणि पुढचं चाक वर-खाली हलवून बघितलं. टक टक वाजलं. आडवं हलवलं, तेव्हाही वाजलं. दोन्ही बाजूचे बॉल जॉइंट ढिले झाले होते, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची टोकं लुळी पडली होती, बुशांचं रबर तर बोटानं तुकडे काढण्याइतकं कुजलं होतं. स्टिअरिंगच्या दांड्याला पलीकडच्या बाजूनं आधार देणारा आयडलर आर्म हातानंच चांगला बोटभर हलत होता.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "मी म्हणत हुतो का न्हाई?"

आपली गाडी मोडकी निघाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. मी पार्टची यादी केली आणि कोल्हापूरच्या दुकानात फोन लावला. काम संपेपर्यंत मालाच्या लाईनवर दुसऱ्याचा टेम्पो पाठवायचं ठरवायला अण्णा बेकरीत गेले.

दुपारी आई डबा घेऊन आली. एरवी ती डबा ठेवून परत फिरायची. त्या दिवशी उलट्या ठेवलेल्या टायरवर बसली आणि गाडीच्या काढलेल्या चाकाकडे बघत राहिली.

"गाडी दुरुस्त करू नगंस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे करू नगंस. तुला दिसत न्हाई व्हय रं? चहा अर्धाच कप ओत म्हणतात आणि तो बी दोन हातांनी धरतात. तीस वर्षं दाढी घरात केली, आता न्हाव्याकडं जातात. मंगळवारी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला गाडी घासली. पुढं त्या पोरी बसलेल्या. एक पोरगी रडत घरला गेली."

"गाडीचं पुढचं सगळं खरंच ढिलं झालंय, आई."

"आसंल. आन् ह्यांचे हात?"

मी भाजीत भाकरी बुडवली आणि खाल्ली नाही. आईला मी काय सांगणार? मलाही दिसत होतं. महिनाभरापूर्वी अण्णांच्या हातातून नट पडला होता, तोच नट उचलताना परत पडला होता, आणि मी मुद्दाम पाठ फिरवून रेडिओचा आवाज वाढवला होता. मला भीती वाटत होती. ज्या हातांच्या धाकात मी लहानाचा मोठा झालो, त्याच हातांची मला आता वेगळीच भीती वाटायला लागली होती.

"डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणतात, मला काय झालंय, गाडी थरथरतीया," आई म्हणाली. "तू सांग त्यांना, गाडी संपली म्हणून. माझं ऐकत न्हाईत, गाडीच्या बाबतीत तुझं ऐकतील. एखाद्या पोरीला काय झालं तर हे जगायचे न्हाईत, निवास."

"सांगतो," मी म्हणालो.

आता अण्णांना 'गाडी संपली' म्हणून सांगणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तुटली म्हणावं तर स्वतः खाली झोपून बघतील. इंजिन गेलं म्हणावं तर किल्ली फिरवून दाखवतील. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या पार्सलनं सगळा माल आला आणि खोकं उघडताना मला युक्ती सुचली. आयडलर आर्म पिवळ्या कागदात गुंडाळलेला होता. तो मी तसाच उचलला आणि सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, एका जुन्या कार्बोरेटरच्या मागं सरकवून दिला.

संध्याकाळी अण्णा आले.

"बाकी सगळं आलं," मी म्हणालो. "आयडलर आर्म मिळत न्हाई. ह्या मॉडेलचा यायचा बंद झालाय म्हणे."

"जुना चालंल?"

"तुमीच सांगा. असा आर्म लावून तुमी कुणाची गाडी सोडली असती?"

"न्हाई सोडली आसती."

"मग झालं तर. अण्णा, गाडीचं वय झालंय. किती दिवस ओढायची? भंगारात दिऊया."

वय हा शब्द तोंडातून निघाला आणि तो मला परत घ्यावासा वाटला. अण्णांनी जुना आर्म हातानं एकदा हलवून बघितला. मग म्हणाले, "बरं."

मला वाटलं, जिंकलो. माझ्या एका सांगण्यावर 'बरं' म्हणणारा माणूस हा नव्हे, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गॅरेजच्या दारात उभी. "सहाच्या एसटीनं कुठंतरी गेलेत. सांगून गेले न्हाईत."

दुपारी दोनला अण्णा गॅरेजमध्ये आले. टोपी धुळीनं तांबडी झाली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू त्यांनी बाकड्यावर ठेवली, दोन दिवसांपूर्वी खारी ओतली होती तिथंच. कागद सोडायला त्यांना वेळ लागला. मी पुढं झालो तर त्यांनी कोपरानं मला मागं ढकललं.

आत कोरा करकरीत आयडलर आर्म होता.

"कोल्हापुरात चार दुकानं फिरलो," ते म्हणाले. "चौथ्यात मिळाला. आता लाग कामाला."

मी ड्रॉवरकडे न बघण्याचा एवढा प्रयत्न केला की माझी मान आखडली. मग मीही इरेला पेटलो. म्हटलं, ठीक आहे, गाडी तर गाडी. होऊ दे चांगली. पुढचं पुढं बघू.

मी गाडीखाली शिरलो. अण्णा शेजारी सतरंजी टाकून आडवे झाले आणि हातात दिवा धरला. मी बघितलं तर चासीवर पडलेला उजेड नाचत होता. ज्या नटावर पाना लावायचा, तो क्षणात दिसायचा, क्षणात अंधारात जायचा.

"अण्णा, दिवा हुकाला अडकवा की."

"मी धरलाय न्हवं?"

"तुमचा हात अवघडंल."

"हात माझा हाय. तू नट बघ."

मी नट बघितला. तसल्या नाचणाऱ्या उजेडात मी उजवीकडचं सगळं खोललं. डावीकडचा खालचा बॉल जॉइंट मात्र इतक्या वर्षांचा चिकटून बसलेला. अर्धा तास हातोडा मारून माझा खांदा भरून आला, जॉइंट तसूभर हलला नाही. घाम डोळ्यांत जायला लागला.

"आरं, रागानं सुटत न्हाई ते," अण्णा म्हणाले. "एका बाजूनं मोठा हातोडा नुसता टेकून धर. दुसऱ्या बाजूनं लहान्यानं मार. जॉइंटवर न्हाई, ज्या आर्ममध्ये तो बसलाय त्याच्या कडंवर. त्याला कळू दे आपण दोन्हीकडनं हाय ते."

मी तसं केलं. तिसऱ्या ठोक्याला ठप्प आवाज झाला आणि जॉइंट सुटून लोंबकळला. अण्णांनी फक्त दिवा जरा जवळ आणला.

नवीन जॉइंट बसले, नट आवळून झाले. नट फिरून सुटू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवतात. ती पिन अण्णांनी नेहमी स्वतः घातली होती. माझ्या गॅरेजात, माझ्या हाताखाली दोन माणसं असतानाही, आपल्या गाडीची पिन आपणच घालायची असा त्यांचा नेम. 'स्टिअरिंग ज्याच्या हातात, पिन त्याच्या हातची,' असं त्याचं कारण ते देत.

त्यांनी पिन घेतली आणि भोकाशी नेली. पिन भोकाच्या वर लागली, खाली लागली, बाजूला लागली. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. आता दोन्ही हात हलायला लागले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडलो होतो, पाठ फिरवायला जागा नव्हती आणि रेडिओ बंद होता. पिन मातीत पडली, त्यांनी पुसली, परत लावली. 'द्या इकडं' हे दोन शब्द माझ्या ओठांवर येऊन परत गेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी कोपर चासीला टेकवलं, श्वास रोखून धरला, आणि पिन आत गेली.

"गेली," ते म्हणाले.

अशा चार पिना होत्या. चारही त्यांनीच घातल्या.

चौथ्या दिवशी चाकं सरळ करायचं काम होतं. आजऱ्यात तेव्हा त्याचं मशिन नव्हतं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून बांधायची आणि पुढचं चाक सुतळीला दोन्ही कडांनी सारखं टेकेपर्यंत टाय रॉड फिरवत राहायचा, हीच आमची पद्धत. अण्णा समोर दगडावर बसून एक डोळा मिटून बघत होते.

तिथं माझ्या मनात पाप आलं. अर्धा आटा जास्त फिरवला असता तर गाडी कायमची डावीकडं ओढत राहिली असती. मग मी म्हणालो असतो, बघा अण्णा, एवढं करून पण सुधारत न्हाई, चासीच वाकली असणार. आई सुटली असती, पोरी सुटल्या असत्या, मी सुटलो असतो. माझा हात पान्यावर होता. मी पाना अर्धा आटा पुढं नेलासुद्धा. मग समोर दगडावर एक डोळा मिटून बसलेला तो म्हातारा दिसला. कोल्हापूरची चार दुकानं पायी फिरून आलेल्या माणसाला मी वाकडी गाडी देणार होतो. माझी मलाच शरम वाटली. मी पाना मागं आणला.

"आता टेकलं," अण्णा म्हणाले. "आवळ."

आमच्याकडे स्टिअरिंगचं काम झालं की गाडी लगेच गिऱ्हाइकाला देत नाहीत. गावाबाहेर माळावर लक्ष्मीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता सरळ आणि सपाट आहे. सकाळी तिथं चिटपाखरू नसतं. देवळापाशी गाडीनं वेग धरला की स्टिअरिंगवरून हात काढायचे. गाडी आपली आपण सरळ गेली तर काम पास. ही अण्णांचीच पद्धत, ते दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचे तेव्हापासूनची. याला ते 'गाडीला विचारायचं' म्हणायचे. फिटर आपल्या कामाबद्दल खोटं बोलेल, ड्रायव्हर आपल्या चुकीबद्दल खोटं बोलेल, पण गाडीला खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. अण्णा स्टिअरिंगवर, मी त्यांच्या डावीकडं. बेकरीतून ताज्या खारीचा एक डबा त्यांनी भरून आणला होता, तो दोघांच्या मध्ये ठेवला. निघताना आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं.

देवळापाशी अण्णांनी वेग धरला. चाळीसवर काटा आला. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

गाडी सरळ गेली. इतकी सरळ, की रस्त्याच्या मधोमध पडलेला जुन्या डांबराचा पट्टा बॉनेटच्या मध्यातून हलला नाही. स्टिअरिंग जागच्या जागी स्थिर होतं. कुठं टकटक नाही, कुठं थरथर नाही. मध्ये एक खड्डा आला, पुढची चाकं त्यात उतरून वर आली आणि गाडी परत आपल्या रेषेवर. खरं सांगतो, त्याआधी आणि त्यानंतर माझ्या हातून एवढं चांगलं काम झालेलं नाही. माझी छाती फुगली.

मग अण्णांनी हात स्टिअरिंगवर ठेवले.

गाडीचं तोंड लगेच हलायला लागलं. डावीकडं जरासं, उजवीकडं जरासं. डब्यात खारी खुळखुळली. डांबराचा पट्टा बॉनेटच्या मध्यातून सरकला, परत आला, परत सरकला.

अण्णांनी हात उचलले. गाडी सरळ झाली.

त्यांनी हात ठेवले. गाडी हलायला लागली.

तिसऱ्यांदा त्यांनी एकच हात ठेवला, उजवा, अगदी अलगद. मी समोरची पाण्याची टाकी बघत होतो. मला बाजूला बघवत नव्हतं. माझ्या चांगल्या कामाचा मला त्या वेळी एवढा राग आला, की ते सगळे नवे पार्ट उपसून रस्त्यावर फेकावेसे वाटले. एक जरी नट ढिला राहिला असता, तर त्यांना त्या नटाला दोष देता आला असता.

टाकीपाशी अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. 

"गाडी बेस झालीया," ते म्हणाले.

मी बाहीनं डोळे पुसले.

"रडतोस काय? बेस झालीया म्हणालो न्हवं. आजपातूर कधी म्हणालो हुतो व्हय?" ते दार उघडून खाली उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि माझ्या दारावर थाप मारली. "सरक तिकडं."

मी स्टिअरिंगमागं सरकलो. ते माझ्या जागेवर बसले, डबा मांडीवर घेतला.

"उद्या लाईन कोण नेणार?" त्यांनी विचारलं.

"मी नेतो. ड्रायव्हर मिळंस्तवर मीच."

"मी येणार संगं. कुठल्या वाडीवर कोण उधार मागतोय, तुला म्हाईत न्हाई. आन् मोरीपाशी जरा जपून. तिथला कठडा पुढं आलाय."

"अण्णा, डॉक्टरकडं पण जाऊया."

"जाऊया की. आता जाऊया." त्यांनी आपले हात उलटेपालटे करून बघितले. काढलेला पार्ट आम्ही बघतो, तसे. "आदी जाऊन काय केलं आसतं? मी म्हणणार गाडी थरथरतीया, तुमी म्हणणार हात. गाडी सरळ झाल्याबिगर कळणार कसं हुतं?"

मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"आन् दुसरा आयडलर कुठं लपवलायस?"

माझा पाय क्लचवरच राहिला.

"त्या दुकानदारानं इचारलं मला. परवाच एक आजऱ्याला गेलाय, दुसरा कशाला?"

"ड्रॉवरमध्ये," मी म्हणालो. "खालच्या. अण्णा, आई म्हणाली... मला वाटलं..."

"ठावं हाय काय वाटलं ते. मी तुझ्या जागंवर आसतो तर मी बी लपवला आसता." ते समोर बघत होते. "पर तू सांगून मी ऐकलं नसतं, निवास. तुझ्या आईनं सांगून बी न्हाई. डॉक्टरचं तर मुळीच न्हाई. म्हणून गाडीला इचारलं."

मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. सगळी खारी वरपासून खालपर्यंत अख्खी होती, एकही मोडलेली नव्हती. त्यांनी एक उचलली आणि माझ्यापुढं धरली. हात हलत होता. मी घ्यायच्या आतच खारीचे पापुद्रे सुटून त्यांच्या धोतरावर, माझ्या गुडघ्यावर, गियरवर पडले. मला वाटलं, आता काहीतरी कडू बोलतील.

त्यांनी धोतरावरचा चुरा तळहातात गोळा केला, तोंडात टाकला, आणि समोर बोट दाखवलं.

"बघतोस काय? गियर टाक."